गोलकीपरचं नाणं

नाण्यांची ती केस माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि या वयात आता जाईल असं वाटत नाही. नोकरीत मारामाऱ्या पाहिल्या, खून पाहिले, बोटींच्या भानगडी पाहिल्या. त्यातलं बरंचसं विसरलो. पण एका म्हाताऱ्याच्या कपाटातली, कुठल्याही वाण्याकडे न चालणारी नाणी मात्र लक्षात राहिली. या प्रकरणात कोणाला शिक्षा झाली नाही. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी सांगतो. नाव कोणाचंच घेणार नाही. त्यातली माणसं अजून आहेत आणि आमचा मुलूख लहान आहे.

माझी शाळा कशीबशी झाली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून उतरलो. लिहायची सवय ती स्टेशन डायरीची नि पंचनाम्यांची. सजवून लिहिणं जमत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

देवबागच्या बाजूला खाडीला लागून एक ख्रिस्ती घर आहे. घरमालक जन्मभर जहाजावर होता. वाडीत त्याला सगळे कप्तान म्हणत. खरं तर तो जहाजावर स्वयंपाकी होता. नवा माणूस खरोखरचा कप्तान समजून अदबीने बोलू लागला तर तो स्वतःच सांगे, "कप्तान नाय रे बाबा. कप्तानाक जेवूक घालणारो."

तरुणपणी तो गावच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. जहाज बंदराला लागलं की बरोबरची माणसं घड्याळं नि अत्तरं घ्यायची, हा खेळांची नाणी शोधायचा. मोठ्या स्पर्धा होतात तेव्हा त्या त्या देशाची टांकसाळ आठवण म्हणून नाणी काढते. ती खर्चायची नसतात, जपायची असतात. शौकीन लोक ती विकत घेतात आणि वर्षं गेली की आपसात चढ्या भावाने विकतात. काही चांदीची, काही सोनेरी मुलाम्याची. कोणावर फुटबॉलवाला, कोणावर पोहणारा, कोणावर हॉकीवाला. एकावर गोलकीपर, आडवा झेपावलेला, चेंडू बोटांच्या टोकाला. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या गोल डबीत, डबी मखमली पेटीत, आणि पेटीत एक छापील कार्ड, त्यावर धातू आणि वजन. हे सगळं मला या केसमुळे कळलं. त्याआधी नाणं म्हणजे वाण्याला द्यायचं, एवढंच माझं ज्ञान.

कप्तानाची बायको आदल्या वर्षी नाताळाच्या तोंडावर वारली. पोटाचा आजार होता. तेव्हापासून म्हातारा ओसरीवर खुर्ची टाकून खाडीकडे बघत बसे. मुलगा मडगावला नोकरीला. घरात कामाला एक बाई यायची, मावशी म्हणू तिला. आतल्या गावातली, भातशेतीवाल्या घरातली, विधवा. कित्येक वर्षं सकाळच्या एसटीने यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. कप्तानाच्या बायकोचं आजारपण हिनेच काढलं.

चवथ, म्हणजे आमचा गणपतीचा सण, जवळ आली होती. बंदोबस्ताच्या याद्या चालल्या होत्या, ठाण्यात बसायला जागा नव्हती. त्यात कप्तानाचा मुलगा पेट्या घेऊन आला.

"ही नाणी बदललेली आहेत," तो म्हणाला. "खरी काढून घेतलीत आणि खोटी भरून ठेवलीत."

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. तसल्याच नव्या नाण्याचा. मोकळी जागा आरशासारखी काळीभोर, आणि त्यावर खेळाडू पांढरा, धुकं साचल्यासारखा. मग त्याने पेटीतलं नाणं पुढे केलं. त्यावर धुकं नव्हतं, आरसाही नव्हता. सगळं नाणं एकसारखं झकझकीत, आणि उजेडात धरलं की बारीक बारीक ओरखडे. वडिलांनी नाणी विकून टाक म्हणून सांगितलं होतं. त्यांना आता त्यात रस नव्हता. म्हणून मुलाने मुंबईच्या एका नाणी विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्याने उलट कळवलं, पेटीवर लिहिलाय तो माल हा दिसत नाही.

"घरात बाहेरचं कोण येतं?" मी विचारलं.

"एकच बाई येते," तो म्हणाला.

आमचे साहेब नवीन होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी तक्रार अर्ज घेतला, ताबे पावती करून नाणी ठाण्यात ठेवून घेतली आणि चौकशी माझ्याकडे दिली.

मी आधी कप्तानाकडे गेलो. म्हातारा म्हणाला, "मावशी चोर नाय. आमचा घर तिच्या हातात होता. व्हया तर कधीच साफ केल्यान असता." मी उठलो तेव्हा मात्र त्याने हळूच विचारलं, "पण मगे नाणी गेली खंय?"

हे असंच होतं. माणूस कितीही भरवशाचा असो, वस्तू गेली की त्या रिकाम्या जागेत संशय येऊन बसतो.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. आमचा एक रिक्षावाला होता, बातमी द्यायची हौस असलेला. तो म्हणाला, "त्या मावशेचो भाव कुडाळाक सोनाराकडे कामाक आसा. नाण्यांचे साचे करता. खेळाडूची नाणी. मी माझ्या डोळ्यान बघलंय."

खबर अगदी सुतासारखी सरळ होती. सरळ खबरीचं मला नेहमी भय वाटतं, पण जावं तर लागतंच. एक शिपाई घेऊन कुडाळला गेलो. भाऊ पन्नाशीचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. साचा खरंच होता, आणि त्यात खेळाडूही होता. एक पाय मागे, एक हात पुढे.

"हा काय आहे?"

"कबड्डीची पदकां," तो म्हणाला. "गावच्या मंडळाची. वर्गणी जमली नाय म्हणान जस्ताची करतंय. येक तुमी घेवा साहेब. इतके पळान इलास, तुमकाच पयला नंबर."

बरोबरचा शिपाई हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला. मंडळाच्या माणसांना विचारलं, पदकांची गोष्ट खरी होती. पण पदकं करणारा माणूस नाणीही करू शकतो. संशय काही हलला नाही. उलट मुलाच्या कानावर साच्याची गोष्ट गेली आणि तो अटक करा म्हणून मागे लागला.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं. महिला हवालदार बरोबर घेतली आणि मावशीच्या वाडीत गेलो. गाडी देवळाजवळ ठेवावी लागली, पुढे भाताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून पायवाट. आम्ही तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात पोचलो तोवर वाडीतली निम्मी माणसं आपापल्या दारात उभी राहिली होती.

मी सरकारी मराठीत सुरुवात केली. "त्या कपाटाला कोणाचा हात लागायचा?"

"बायचो." कप्तानाच्या बायकोला ती बाय म्हणायची. "ती गेल्यार कोणाचोच नाय."

"चावी कोणाकडे असायची?"

"बायच्या उशाखाली. मगे कप्तानाकडे."

"ती नाणी तू कधी पाहिली होतीस?"

"बघलंय."

"कधी?"

"म्हायत नाय."

त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला तेच. म्हायत नाय. हवालदारबाई तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मावशे, खरा काय ता सांग गो. नायतर आमका दुसरो रस्तो घेवचो लागतलो."

"घेवा," मावशी म्हणाली.

आम्ही उठलो. पायरी उतरत होतो तेव्हा तिने मागून विचारलं, "कप्तान काय बोललो?"

मी खरं तेच सांगितलं. तो तुला चोर म्हणत नाही. पण नाणी गेली कुठे, असं विचारतो.

तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. चोर फार बोलतो. देवाच्या शपथा घेतो, मुलांच्या शपथा घेतो, शेजाऱ्याचं नाव पुढे करतो. घाबरलेला निरपराध माणूसही बोलतो, तेच तेच सांगतो. विचारल्यावर दगडासारखा गप्प बसतो तो माणूस बहुधा दुसऱ्या कोणाचं तरी काही पोटात धरून बसलेला असतो. हिला स्वतःची काळजी नव्हती. अटकेचं तिने काही विचारलं नाही. कप्तान काय बोलला तेवढंच विचारलं.

पण अशा अंदाजांना कागदावर जागा नसते. आणि इकडे तिचं नुकसान व्हायला लागलं होतं. ती आणखी दोन घरची कामं करायची. दोन्ही घरांनी, आता चवथ झाल्यावर बघू, असं सांगितलं. म्हणजे येऊ नको. वाडीतल्या बायका पाण्यावर तिच्याशी बोलत होत्या, पण ती निघाली की थांबून बघत होत्या. तिच्याकडे जमीन थोडी, पैसा नाही. एक नाव होतं. ते गेलं तर त्या वयात दुसरं कमवायला वेळ कुठे होता?

एक दिवस मी दुपारी जेवायला घरी गेलो. ही मागच्या दारी बसली होती. ही म्हणजे माझी बायको. चवथीची भांडी काढलेली, समया, ताम्हण, घंटा, सगळं समोर मांडून सोलं आणि राख घेऊन घासत होती. आमच्याकडे पितळ असंच घासतात. आमटीतलं कोकमाचं सोल फेकायचं नाही, भांड्याला लावायचं. वर चुलीतली राख. हात दुखेपर्यंत घासायचं. त्या भांड्यांत माझ्या पट्ट्याचं बक्कलही होतं.

"ह्या झाला," तिने बक्कल माझ्याकडे टाकलं. "उद्या परेडीक घाला. सायबाचा तोंड दिसात त्यात."

मी पाहिलं. चकाकत होतं, पण अक्षरांच्या खाचेत राखाडी भुकटी अडकलेली. दरवेळी तसंच व्हायचं.

"अक्षरात राख तशीच रवता तुझी," मी म्हटलं. "सायब विचारतले, बक्कलार रांगोळी घातलंस काय."

"मगे सायबाक सांगा, बायल म्हातारी झाली, तिका दिसणा नाय. नायतर सोताच घासा. सोल थंय आसा."

मी ताटावर बसलो. बक्कल हातातच होतं. घास तोंडात गेला आणि तिथेच राहिला. हीच राखाडी रेघ मी कुठेतरी पाहिली होती. नाण्याच्या कडेला देशाचं नाव कोरलेलं होतं, त्या अक्षरांत.

"काय झाला?" तिने विचारलं. "खारट झाला?"

"नाय," म्हटलं. "बरा झाला." आणि अर्ध्या जेवणावरून उठलो. ती मागून काय बोलली ते इथे लिहीत नाही.

ठाण्यात येऊन भिंग घेतलं. प्रत्येक नाण्याच्या अक्षरांत तीच भुकटी, आणि ओरखडे सगळे गोल गोल. कोणी सोनाराने भट्टीत ओतलेली ही नाणी नव्हती. ही कोणीतरी घासलेली होती. साहेबांना दाखवलं. साहेब शहरातले. म्हणाले, "चांदीला कोण राख लावतं?" म्हटलं, साहेब, जिला पितळ आणि चांदी दोन्ही घरची भांडीच, ती लावते.

साहेबांनी पंच बोलावले. मालवणातल्या दुसऱ्या एका सोनाराला बोलावलं, भावाचा काही संबंध नको म्हणून. त्याने एकेक नाणं काट्यावर ठेवलं. वजनं कार्डावरच्या वजनांशी जुळली. चांदी चांदीच निघाली. नाणी बदललेली नव्हती. तीच होती. मग साहेबांनी मुंबईच्या त्या विकणाऱ्याला स्वतः फोन लावला आणि नाणं घासलं तर काय होतं ते विचारलं.

तो म्हणाला, "घासलं असेल तर संपलं, साहेब. या नाण्यांना उघडं बोटसुद्धा लावत नाहीत. हात लागला नाही हीच त्याची किंमत. आता चांदीच्या भावाने मोडीत घालायची."

म्हणजे चोरी नव्हती. अर्ज निकाली काढता आला असता. साहेब तसं म्हणालेही. मी म्हटलं, साहेब, असा कागद बंद केला तर पोरगा म्हणेल, त्या बाईनेच मुद्दाम नासवली. तिच्या नावावरचा डाग तसाच राहील. कोणी घासली ते कळायला हवं. साहेबांनी मान हलवली.

मी हवालदारबाईला घेऊन पुन्हा मावशीकडे गेलो. या वेळी गाडी हमरस्त्यालाच ठेवली आणि चालत गेलो. खळ्यात बसलो. सरकारी मराठी सोडून दिली.

"मावशे, नाणी चोरीक गेली नाय. ती तीच आसत. कोणीतरी सोलां नि राख लावन घासली. तू घासलंस?"

"मी नाय."

"मगे?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बायन घासली?" मी विचारलं.

ती रडली नाही. पाठीवरचं ओझं कोणीतरी हात लावून उतरवावं तशी भिंतीला टेकली. मग बोलली.

बायचं शेवटचं दुखणं. नाताळ जवळ आला होता. त्यांच्या घरात आल्तार आहे, देव्हाऱ्यासारखा. त्यावरचे मेणबत्त्यांचे पितळी दांडे दरवर्षी नाताळाआधी बाय स्वतः घासायची. त्या वर्षी उठवत नव्हतं, तरी खाटेवर मागून घेऊन घासले. ते झाल्यावर म्हणाली, कपाट उघड, कप्तानाची नाणी काढ. पेट्यांत राहून राहून त्यांवरचे खेळाडू पांढुरके दिसतात, धूळ बसली असेल, तीही घासते. नाताळच्या दिवशी चर्चातली मिसा झाली की त्याच्या हातात देईन. त्याचा जीव की प्राण त्यात. कप्तान औषधं आणायला गोव्याला गेला की हे काम चाले. तो आला की सगळं चादरीखाली. मावशीला तिने आल्तारावरच्या मेणबत्तीवर हात ठेवायला लावला. कप्तानाला यातलं काही बोलायचं नाही.

"आणि मगे नाताळापयलीच गेली," मावशी म्हणाली. "तेच्यानंतर कप्तानान ता कपाट उघडल्यानच नाय. तिचे कपडे आसत थंय."

"मगे आता तरी सांगूचा होता. शपथ माणसापेक्षा मोठी?"

"शपथेचा नाय साहेब. कप्तानाचो झिल माझ्यासमोर बोललो, नाणी खोटी, मातीमोल झाली. माका तेव्हाच कळला, बायन घासली म्हणान ती तशी दिसतत. कप्तानाक काय सांगू? तुझ्या बायलेन तुझा सगळा जमवलेला मोडीत काढल्यान? तो तिच्या नावान येक येक दिस ढकलता. माका चोर म्हटल्यानी तर म्हणांदेत. मी जिती आसंय, मी बघून घेयन. ती काय सांगूक येवची नाय."

हवालदारबाई तोंड फिरवून शेताकडे बघत होती.

मी म्हटलं, "मावशे, तू माझ्याबरोबर चल. तुका बोलूचा नाय. मी बोलतंय."

कप्तान ओसरीवरच होता. मुलगा सुट्टी काढून आलेला, दारात उभा. मावशी वर यायला तयार नव्हती, पायरीखाली उभी राहिली. मी नाणी परत दिल्याची पावती कप्तानापुढे ठेवली, पेट्या ठेवल्या आणि काय घडलं ते सरळ सांगितलं. मला वळणं घेऊन बोलता येत नाही.

"मम्मीन घासली?" मुलगा म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

कप्तानाने पेट्यांवरून हात फिरवला. मग मावशीकडे वळला. नाण्यांचं काही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच.

"धरी कशी गो? चमचो धरूक येय नाय तिका. पेज मी भरवी."

"मांडयेर चादर घेय," मावशी पायरीखालून म्हणाली. "येक नाणां झाला की ती निजा. परत उठा. मी म्हटलंय, बाय, माझ्याकडे दी. दिल्यान नाय. म्हणाली, तुझो हात जड आसा गो, तू खेळाडूंची नाकां मोडशीत."

कप्तान हसला. बायको गेल्यापासून तो हसलेला वाडीत कोणी पाहिला नव्हता. हसता हसताच त्याने एक पेटी उघडली, डबीतून गोलकीपरचं नाणं काढलं आणि उघड्या बोटांनी धरून उजेडाला नेलं. झेपावलेल्या त्या माणसाचा चेहरा इतका घासला गेला होता की नाकडोळे शोधावे लागत होते.

"हा सगळ्यात जास्त घासल्यान," तो म्हणाला.

"ता तुमी म्हणान," मावशी म्हणाली. "बाय म्हणी, हो आमचो कप्तान. हेका बरो झळझळीत करूया."

म्हातारा नाणं मुठीत धरून खाडीकडे बघत उभा राहिला. मी टोपी हातात घेऊन उभा. पोलिसाला अशा वेळी कुठे बघावं ते शिकवलेलं नसतं.

मग तो मुलाला म्हणाला, "विकूची नाय." मुलाने मान हलवली. तो उठून मावशीकडे जाऊ लागला, माफी मागायला असणार, तर म्हाताऱ्याने त्याला थांबवलं. "हंय नको. हंय तुका कोण बघता? पोलिसांची गाडी तिच्या वाडयेत गेलेली मा? थंय जा."

मी साहेबांना फोन केला आणि विचारलं, गाडी नेऊ का. साहेब म्हणाले, न्या, आणि डायरीत नोंद करा. मावशीला पुढच्या सीटवर बसवलं, मुलाला मागे. गाडी तिच्या वाडीत त्याच देवळाजवळ थांबवली. चवथीची माटवी, गणपतीवर टांगायची चौकट, बांधायला माणसं जमली होती. कप्तानाचा मुलगा खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशीनं आमचं काही घेतलं नाही. मी खोटी तक्रार केली. चूक माझी."

एक म्हातारा म्हणाला, "मगे नाणी घेतल्यान कोणी?"

"कोणीच नाय. माझ्या आवशीन घासली."

कोणाला काही नीट कळलं नाही. पण तिने काही घेतलं नाही, एवढं कळलं, आणि तेवढंच कळायला हवं होतं. मावशीचा भाऊ सुट्टीवर आला होता, माटवीच्या दोऱ्या ओढत होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, आता तरी पदक न्हेवा."

मावशीला एक काम परत मिळालं. दुसऱ्या घराने घेतलं नाही, काहीतरी कारण सांगितलं. असं होतं. पोलिसांची गाडी दारात गेली की नाव एका दिवसात जातं, परत येताना पूर्ण येत नाही. कप्तानाकडे ती जात राहिली. त्याने नाणी डब्यांतून काढून बायकोच्या फोटोपुढे आल्तारावर उघडी मांडली. खारी हवा, नाणी हळूहळू काळी पडत गेली. मावशी एकदा घासायला निघाली तर त्याने हात धरला म्हणे.

मला तेव्हा या केसमधून इतकंच कळलं होतं की गप्प माणसाला चोर समजू नये, आणि वस्तू बिघडलेली दिसली तर कोणी बिघडवली याच्याआधी कशासाठी हात लावला ते बघावं. हे मी नव्या पोरांना सांगत आलो. नोकरीपुरतं ते बरोबर आहे. कप्तानाने मावशीचा हात का धरला, ते मात्र मला तेव्हा कळलं नव्हतं. म्हातारपणाची लहर, असं मी हिला घरी येऊन सांगितलं होतं. ही म्हणाली, "तुमका नाय कळाचा."

ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. साधा ताप म्हणून नेली आणि परत आणली नाही. तिच्याशिवाय घरात मी काय करतो ते विचारू नका. जेवतो, निजतो.

माझ्या गणवेशातलं सगळं गेलं, बक्कल तेवढं राहिलं. निवृत्त झाल्यावरही ही चवथीच्या भांड्यांबरोबर ते घासायची, सवयीने. गेल्या चवथीला घासलं ते शेवटचं. खिडकीत ठेवलेलं असतं. आता चकाकत नाही. अक्षरांत राख तशीच आहे.

परवा सुनेने भांडी काढली. चांगली मुलगी आहे. बक्कल उचलून म्हणाली, "बाबा, ह्यात राख रवली हा. ब्रश मारून काढू?"

मी तिच्या हातातून ते घेतलं. म्हटलं, "रवांदे गो."